आसामातल्या काकूसाठी इकडं काढलेली कागदं – एनआरसीचा माझा अनुभव

सांगली जिल्ह्यातल्या विटा, आटपाडी, खानापूर भागातल्या माणसाला गलाई काय ते सांगायला नको. सोनंचांदी गाळायच्या धंद्यात आपली माणसं देशात कुठं पोचली नाहीत ते विचारा. माझे काका 1984 ला गुवाहाटीला गेले, आधी एकाच्या भट्टीवर कामाला, मग स्वतःचं छोटं दुकान, काकू मागनं गेली, दादा म्हणजे माझा चुलतभाऊ तिथंच वाढला, लग्नही तिकडच्याच मुलीशी केलं. सगळं व्यवस्थित चाललेलं, आणि मग एनआरसी, म्हणजे राष्ट्रीय नागरिक नोंदणी, आलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आसामात नागरिकांची यादी नव्याने करायची ठरली, 2015 ला फॉर्म भरून घेतले. 24 मार्च 1971 च्या मध्यरात्रीपर्यंत तुम्ही किंवा तुमचे वाडवडील तिथं होते याचा कागद द्यायचा. आपल्यासारखे दुसऱ्या राज्यातनं गेलेले असतील तर तेव्हा आसामात असण्याची गरज नाही, पण त्या तारखेआधी भारतात होतो हे दाखवायचं. काकांनी आमच्या आजोबांचा जुना सातबारा लावला आणि निवांत झाले. 30 जुलै 2018 ला पूर्ण मसुदा आला, त्यात 40,07,707 माणसं बाहेर. काका आत, दादा आत, दादाची पोरगी आत. काकू बाहेर, वहिनी बाहेर.

रात्री दादाचा फोन, "अरे आईचं नावच नाही, तिच्या माहेरचे कागद काढ काहीतरी." मला आधी कळंना की नवरा आत आणि बायको बाहेर हे कसं काय. तर नियम असा की पुरावा रक्ताच्या नात्यातला पायजे, म्हणजे बाईला तिच्या आईबापाचा कागद लागणार, नवऱ्याच्या नावाचा किंवा सासऱ्याच्या सातबाऱ्याचा उपयोग शून्य. आता आपल्याकडं साठ-सत्तर सालच्या बाईचं काय असतं? जन्म घरात, नोंद कुणी केली असली तर नशीब. शाळा दुसरीपर्यंत. लग्नात नाव बदललेलं. माहेरी एक नाव, सासरी दुसरं, आधार-मतदान कार्डावर सासरचं.

काकूच्या माहेरी गेलो. मामा म्हणाले शाळेचा दाखला बघू. जिल्हा परिषदेच्या शाळेत जनरल रजिस्टर होतं, हेडमास्तर चांगले निघाले, काकूचं पहिलीला घातल्याचं पान सापडलं, वडिलांचं नाव सगळं बरोबर. मी खुश. पण दादाने तिथल्या वकिलाला दाखवलं तर तो म्हणाला चालणाऱ्या कागदांच्या यादीत बोर्ड किंवा विद्यापीठाचं सर्टिफिकेट असं लिहिलंय, प्राथमिक शाळेचा दाखला मानतील का नाही भरवसा नाही, जमिनीचा कागद बघा.

मग जमिनीचा कागद. दोन गोष्टी पायजेत, एक म्हणजे काकूच्या वडिलांच्या नावचा 1971 च्या आधीचा सातबारा, आणि दुसरी म्हणजे काकू त्यांचीच मुलगी आहे हे सांगणारं काहीतरी. पहिली गोष्ट सोपी गेली. दुसऱ्या गोष्टीसाठी मामांनीच डोकं चालवलं, म्हणाले वडील वारल्यावर वारसनोंद झाली होती की, त्यात पोरींची नावं असणार. रेकॉर्ड रूममधनं ते रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेली जुन्या कागदांची गाठोडी, काढायला लावणं हीच खरी लढाई. अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प, "उद्या या", "ते साहेब मीटिंगला गेलेत", मग परत "फेरफार नंबर आणा", म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदीचा नंबर. फेरफार नंबर तलाठ्याकडनं काढला. शेवटी एका म्हाताऱ्या शिपायाने लाल फडक्यातलं बाड सोडलं, धूळ उडाली, आणि त्या रजिस्टरात निळ्या शाईत मामांच्या नावाखाली काकूचं सासरचं नाव, पुढं "भ्रतार" म्हणजे नवरा, आणि काकांचं नाव. खाली तलाठ्याची आणि सर्कलची सही. 1979 सालची नोंद. एकाच ओळीत बाप पण आणि नवरा पण. मी तिथंच फोटो काढून दादाला पाठवला आणि नकलेसाठी अर्ज केला.

बाहेर राहिलेल्यांनी हक्क सांगायची आणि आक्षेप घ्यायची मुदत 25 सप्टेंबर ते 31 डिसेंबर 2018 होती, कागद मुदतीत पोचले. पुढच्या वर्षी सुनावणीला एक नवीनच भानगड. काकूच्या वडिलांचा सातबारा पन्नासच्या दशकातला, त्यावर जिल्हा "दक्षिण सातारा". अधिकारी म्हणतो फॉर्ममध्ये सांगली लिहिलंय, हे कुठलं आणलं? त्या बिचाऱ्याला तरी काय माहीत की आपला जिल्हा 1 ऑगस्ट 1949 ला साताऱ्यातनं वेगळा झाला तेव्हा त्याचं नावच दक्षिण सातारा होतं, आणि 21 नोव्हेंबर 1960 ला सांगली झालं. मी जिल्हा गॅझेटियरमधलं पान काढून, सही-शिक्क्याच्या इंग्रजी भाषांतरासकट पाठवलं. कुणी आसाम किंवा दुसरीकडं असलं काही करणार असेल तर हे पान आधीच जोडा, फुकटचा हेलपाटा वाचेल.

अजून एक. तिकडनं कागदाची पडताळणी करायला इकडच्या राज्यात पत्र येतं, आणि इकडनं उत्तर गेलं नाही तर तुमचा खरा कागद पण लटकतो. आमचं पत्र एका ऑफिसात आवक नोंदवहीत पडून होतं. आवक नंबर घेऊन टेबलापाशी उभा राहिलो तेव्हा उत्तर गेलं. नुसतं "बघतो" म्हणलं तर घरी जाऊ नका.

31 ऑगस्ट 2019 ला शेवटची यादी. 19,06,657 माणसं बाहेर. काकू आत. घरी पेढे आले, पण काकूने एक पण तोंडात घातला नाही, कारण वहिनी बाहेर.

वहिनींचं सांगतो. त्यांचं माहेर बारपेटा जिल्ह्यात, ब्रह्मपुत्रेतल्या चराचं, म्हणजे नदीतलं बेट. दरवर्षी कडा ढासळतात, वडिलांची जमीन घरासकट नदीत गेली, ते दुसऱ्या चरावर गेले. 1966 च्या मतदार यादीत वडिलांचं नाव आहे, पण स्पेलिंग वेगळं आणि गाव आता जागेवरच नाही. काकूची कागदं मला काढता आली याचं कारण मी हुशार आहे असं अजिबात नाही, तिच्या बापाला साडेतीन एकर होतं आणि ती जागेवर होती एवढंच. आपल्याच गावाबाहेर पालं टाकून राहणाऱ्या नंदीवाल्याला उद्या कुणी 1971 चा कागद मागितला तर तो कुठल्या रुमालात बघणार? व्हॉट्सअपवर "कागद दाखवा, घाबरता कशाला" लिहिणाऱ्यांना मी हेच विचारतो, अजून एकाने सरळ उत्तर दिलं नाही.

आता कायद्यानं वहिनी परदेशी ठरल्यात का? नाही. यादीत नाव नाही एवढ्यावर कुणी परदेशी होत नाही, ते फॉरेनर्स ट्रिब्युनल, म्हणजे कोण परदेशी ते बघणारं न्यायाधिकरण, ठरवतं, आणि तिथं सिद्ध करायची जबाबदारी सरकारची नाही, तुमची. अपिलाला 120 दिवस, पण ते नकाराची स्लिप हातात पडल्यापासून मोजायचे, आणि स्लिपा दिल्याच नाहीत, यादीची अधिसूचना पण निघाली नाही. म्हणजे ना आत ना बाहेर. तिथं वहिनी हरल्या तर कुठला देश घेणार? बांगलादेश तर आमचे म्हणतच नाही. देशहीन माणसांबद्दलचे 1954 आणि 1961 चे दोन आंतरराष्ट्रीय करार आहेत, भारताने त्यावर सही केलेली नाही.

त्यात सुनावणीच्या वेळी बोटांचे ठसे घेतले होते ते लॉक झाले, आणि त्यामुळं आधार अडलं. यादीत आत आलेल्या काकूला पण आधार मिळंना, बँकेत केवायसी अडली, पाच वर्षं. 2024 ला नऊ लाखांहून जास्त लोकांचं आधार सोडणार असं आसाम सरकारने जाहीर केलं, तेव्हा कुठं काकूचं काम हललं.

काका आता थकलेत. दादाला म्हणलं दुकान विकून विट्याला ये, इकडं आपण आहोत. तो तयार पण होता. वहिनीच नको म्हणाल्या, "भावजी, मी आत्ता निघाले तर पळून गेली असंच लिहितील, स्लिप येऊ दे, मग बघू." तर मी सध्या त्यांच्या वडिलांच्या नावाच्या दोन्ही स्पेलिंगची मिळतील तेवढी कागदं एका फाइलीत लावून ठेवतोय.