तोच पीसी, तीच वायर, तोच नास. बदललं फक्त विंडोज

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू होतो, म्हणजे एडिटिंगचा पीसी विंडोज ११ वर न्यायला दिवाळीच्या गडबडीतलाच काय तो वेळ. मी सांगलीत घरूनच लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. शूटिंग करणारे वेगळे, माझ्याकडे फक्त कार्डं येतात. हळद, संगीत, मुहूर्त, रिसेप्शन आणि वरून ड्रोन धरलं तर एका लग्नाचं फुटेज सहज ४०० जीबी होतं. हे सगळं जिन्याखालच्या दोन डिस्कच्या नासवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्यावर, जातं. सेकंदाला ११० एमबीचा स्पीड मिळाला तर तासाभरात काम होतं. ६० वर आला तर जवळजवळ दोन तास.

अपग्रेड करताना जुनी एसएसडी पुसली नाही. ती बाजूला काढली आणि नव्या एसएसडीवर विंडोज ११ प्रो, २४एच२ (२०२४ ची आवृत्ती) टाकलं. थोड्याच दिवसांत असिस्टंटची तक्रार आली.

"ताई, नवीन विंडोज टाकल्यापासून नास झोपलाय."

"झोपलाय म्हणजे किती?"

"लई स्लो ओ."

"लई" हे काही मोजमाप नाही. पण जुनी एसएसडी हाताशी असल्यामुळे एक चांगली सोय होती: मशीन तेच, नेटवर्क कार्ड तेच, वायर तीच, बदलणार फक्त ऑपरेटिंग सिस्टीम. अशी संधी सहसा मिळत नाही. नेटवर वाचायला मिळतात त्या बहुतेक तुलनांमध्ये एकाचा लॅपटॉप आणि दुसऱ्याचा डेस्कटॉप असतो, आणि निकाल विंडोजच्या नावावर लागतो.

फाइल कॉपी करायच्या आधी नुसती वायर मोजली. नासवर आयपर्फ हे नेटवर्कचा वेग मोजायचं सॉफ्टवेअर चालवलं, पीसीवरही चालवलं. यात डिस्क नाही, फाइल नाही, फक्त डेटा इकडून तिकडे. गिगाबिटची वायर कागदावर १००० मेगाबिटची असली तरी प्रत्येक पॅकेटचे हेडर आणि मधली मोकळी जागा वजा केली की साधारण ९४० उरतात, म्हणजे सेकंदाला ११७ एमबीच्या आसपास. त्याच्या वर कुठलीच ऑपरेटिंग सिस्टीम जाऊ शकत नाही. विंडोज १० वर ९४०, विंडोज ११ वरही ९४०. म्हणजे ड्रायव्हर आणि वायर दोन्ही निर्दोष.

गंमत झाली ती वरच्या खोलीतल्या लॅपटॉपवर, ज्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट आहे. तिथे आकडा आला ९४. नऊशेचाळीस नव्हे, चौऱ्याण्णव. गिगाबिटला वायरीतल्या चारही जोड्या लागतात, शंभर मेगाबिटला दोन पुरतात. दाराच्या फटीत वायर चेपून एक जोडी तुटली होती आणि लिंक गपचूप शंभरवर उतरली होती. नेट चालत होतं, यूट्यूब चालत होतं, त्यामुळे कुणाला पत्ता नाही. वायर बदलली, विषय संपला. तुमच्याकडे कॉपीचा स्पीड ११ एमबीच्या आसपास अडकत असेल तर ऑपरेटिंग सिस्टीमकडे बघूसुद्धा नका, आधी वायर बघा.

आता फाइल. विंडोजच्या कॉपीच्या खिडकीतला हिरवा आलेख मी मोजमाप म्हणून धरत नाही. सुरुवातीला तो रॅममध्ये भरलेला डेटासुद्धा पोचला म्हणून दाखवतो आणि मग धपकन खाली येतो. वाचताना उलटं होतं: तीच फाइल दुसऱ्यांदा वाचली की ती रॅममधूनच येते आणि गिगाबिटच्या वायरीवरून सेकंदाला दोन जीबी येत असल्याचा चमत्कार दिसतो. म्हणून कॅमेऱ्याच्या मोठ्या क्लिप घेतल्या, प्रत्येक वेळी नवी क्लिप, मध्ये रीस्टार्ट, आणि वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर. क्लिप मुद्दाम खऱ्या घेतल्या. नुसत्या शून्यांची फाइल बनवून मोजतात ते मला पटत नाही. नासवर कॉम्प्रेशन चालू असेल तर शून्यांची फाइल दाबून एवढीशी होते आणि आकडा भलताच सुंदर येतो.

विंडोज १० वरून नासवर लिहिताना ११० च्या आसपास, वाचताना त्याहून किंचित जास्त. विंडोज ११ वर दोन्हीकडे साठीच्या घरात. म्हणजे असिस्टंटचं "लई" खरं होतं.

पहिला संशय मला एसएमबीच्या व्हर्जनचा आला, म्हणजे दोन मशीन ज्या भाषेत फाइलींची देवाणघेवाण करतात तिच्या आवृत्तीचा. व्हिस्टाबरोबर २.० आलं, विंडोज ७ बरोबर २.१, विंडोज ८ बरोबर ३.०, आणि २०१५ साली विंडोज १० बरोबर ३.१.१. पॉवरशेलमध्ये गेट-एसएमबीकनेक्शन या कमांडने बघितलं तर दोन्ही एसएसडींवर डायलेक्ट, म्हणजे आवृत्ती, ३.१.१ च. मग नासच्या सेटिंगच्या पानावर जाऊन कॉपी चालू असताना त्याचा प्रोसेसर किती राबतोय ते बघितलं. विंडोज १० ला तो निवांत. विंडोज ११ ला एक कोअर शंभर टक्क्यांवर.

तिथे उत्तर मिळालं. २४एच२ पासून विंडोज ११ च्या प्रो, एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांमध्ये एसएमबी सायनिंग सक्तीचं झालंय. पाठवलेल्या प्रत्येक संदेशावर सही, आणि समोरच्याने ती पडताळायची. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या प्रत्येक पोत्यावर शिक्का मारूनच ते गेटमधून सोडायचं ठरवलं तर ट्रक कितीही असोत, वेग शिक्के मारणाऱ्याचा. माझ्या पीसीच्या प्रोसेसरला हे हिशेब करायची खास सोय आतच आहे, त्याला काही जाणवत नाही. नासमधला प्रोसेसर जुना आणि साधा, आणि त्यातला सांबा, म्हणजे एसएमबी बोलणारं सॉफ्टवेअर, तोही जुना. सहीची नवी आणि जलद पद्धत, एईएस-जीमॅक, विंडोज ११ ला येते, पण या डब्याला येत नाही. मग दोघं सीमॅक या जुन्या पद्धतीवर येतात आणि डब्याला घाम फुटतो. खात्री करायला पीसीवर सायनिंगची सक्ती तात्पुरती काढली. आकडा लगेच ११० वर. सक्ती लावली, परत साठ.

मॅकवाल्यांनी यात खूश होऊ नये, कारण हाच प्रकार त्यांच्याकडे आधी होऊन गेलाय. माझ्याकडे २०११ चा मॅकबुक प्रो आहे, गिगाबिटचं पोर्ट असलेला, हाय सिएरा (१०.१३) या सिस्टीमच्या पुढे न जाणारा. शिवाय एका जुन्या एक्स्टर्नल डिस्कवर त्याआधीची एल कॅपिटन (१०.११) आहे, त्यावरूनही तो सुरू होतो. म्हणजे इथेही मशीन एक, सिस्टीम दोन. ॲपलने २०१६ मध्ये १०.११.५ ला सायनिंग चालू केलं आणि २०१८ मध्ये १०.१३.४ पासून ते मुळात बंद ठेवून समोरच्या सर्व्हरच्या मागणीवर सोडलं. माझ्या आकड्यांत ते तसंच्या तसं उमटलं: एल कॅपिटनवर रडतखडत, हाय सिएरावर जवळजवळ वायरीच्या मर्यादेपर्यंत. नवी सिस्टीम जलद, जुनी संथ. विंडोजच्या बरोबर उलट. त्यामुळे "नवीन व्हर्जन म्हणजे स्लो" हे वाक्य मला कुणी ऐकवू नये.

२०२२ च्या सल्ल्यांचाही घोळ आहे. विंडोज ११ च्या २२एच२ मध्ये दुसऱ्या मशीनवरून मोठ्या फाइल ओढताना स्पीड ४० टक्क्यांपर्यंत पडायचा. मायक्रोसॉफ्टने स्वतः ते मान्य केलं, तोवर रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपीच्या कमांडला 'जे' (J) हा स्विच लावून कॅशशिवाय, म्हणजे मध्ये रॅममध्ये न साठवता, कॉपी करा म्हणून सांगितलं आणि नंतरच्या अपडेटमध्ये दुरुस्त केलं. तो तोडगा अजून सगळीकडे फिरतो. माझ्या दुखण्यावर त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण दुखणं कॅशचं नव्हतंच.

छोट्या फाइलींचं गणित वेगळंच निघालं. अल्बमसाठी निवडलेल्या फोटोंचा फोल्डर, हजारो जेपीजी आणि त्यांचे थंबनेल, कॉपी केला तर सगळ्याच सिस्टीमवर स्पीड कोसळला. प्रत्येक फाइलमागे उघड, लिही, तारीख लाव, बंद कर अशा फेऱ्या होतात आणि त्या फेऱ्यांतच वेळ जातो. वायर रिकामीच असते. इथे विंडोज १० आणि ११ मधला फरक जेमतेम. रोबोकॉपीला एमटी स्विच लावून एका वेळी अनेक फाइली पाठवल्यावर मात्र दोन्हीकडे चांगलाच फरक पडला. मिंटवर फाइल मॅनेजरमधून उघडलेला नास आणि कर्नलमधून, म्हणजे थेट सिस्टीमच्या गाभ्यातून, जोडलेला (माउंट केलेला) तोच नास यांच्यात जो फरक दिसला, तो दोन विंडोजमधल्या फरकापेक्षा मोठा होता.

खालच्या खोलीत फ्रेम छापायच्या मशीनला जोडलेला एक विंडोज एक्सपीचा पीसी अजून जिवंत आहे. तो मोजला नाही. त्याला आत घ्यायचं तर नासवर एसएमबी १ उघडावं लागेल, आणि मे २०१७ मध्ये एसएमबी १ मधूनच पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसनंतर ते मी करणार नाही. त्याला पेन ड्राइव्ह पुरतो.

मग सायनिंग बंद ठेवायचं का? असिस्टंटचं म्हणणं, घरातल्या घरात कोण सही बघतंय. पण आमच्या वायफायचा पासवर्ड अर्ध्या गल्लीला माहीत आहे, आणि फुटेज लोकांच्या लेकीसुनांचं आहे. सही म्हणजे कुलूप नव्हे, वाटेत कुणी फाइल वाचू शकत नाही असं नाही. पण मधल्यामध्ये कुणी बदल केला तर कळतं. मी चालू ठेवलं. कार्डं आता आधी पीसीच्या एसएसडीवर उतरतात, एडिट तिथूनच सुरू होतं, आणि रात्री जेवणं झाल्यावर रोबोकॉपी सगळं नासवर नेऊन ठेवतं. रात्री दोन तास लागले काय आणि एक लागला काय.

आता असिस्टंटच्या डोक्यात अडीच गिगाबिटचा नेटवर्क स्विच घ्यायचं आहे. त्याला म्हटलं, अरे, डब्याला पोर्ट एक गिगाबिटचं, आणि सह्या करताना तेवढंही भरत नाही. पैसे घालायचेच तर डब्यात घालू. सध्या चांगल्या प्रोसेसरचे आणि नवा सांबा असलेले नास बघतेय, आणि दुकानदारांना पहिला प्रश्न एकच विचारते: सायनिंग चालू ठेवून स्पीड किती? अजून एकानेही सरळ उत्तर दिलेलं नाही.