पुप्फं मिलायाति

आषाढ पौर्णिमेचा दुसरा दिवस

काल विहारात वंदनेला गर्दी होती. वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला मुक्काम, सुरू झाला, ग्रंथवाचनही. आज सकाळी मूर्तीपुढची फुलं काढायची पाळी माझी. काल पहाटे खुडलेला पांढरा चाफा कडेने तपकिरी झालेला. बोट लागेल तिथे डाग उमटत होता.

परडी भरताना ओठांवर आपोआप आलं: पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं. फूल जसं कोमेजतं, तशी ही काया विनाशाकडे जाते. लहानपणापासून म्हणतेय ही गाथा, पण चालीत म्हणून जायचे. 'काया' म्हणजे आईचीही, हे फाल्गुनात कळलं.

ती गेली तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. नेत्रदानाचा फॉर्म तिने स्वतः भरलेला. सहा तासांच्या आत बुबुळं काढावी लागतात, तोवर डोळे सुकू नयेत म्हणून रडू यायच्या आधी पंखा बंद करायला धावले. पापण्या मिटवल्या, वर ओला कापूस ठेवला, डोक्याखाली दोन उशा दिल्या. नेत्रपेढीची माणसं पहाटे आली. अर्ध्या तासात काम झालं. चेहरा बिघडेल म्हणून आत्या घाबरली होती. बिघडला नाही. झोपल्यासारखीच दिसत होती.

आईच्या जलदान विधीला, गेलेल्या माणसासाठी करतात त्या विधीला, आम्ही पाणी ओतत होतो. नद्यांनी सागर भरतो तसं इथून दिलेलं मृतांना पोचतं, अशी गाथा आहे. कॉलेजात जाणारा भाचा नंतर म्हणाला, "मावशी, बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत आपण पिंडदान करणार नाही म्हणतो. मग हे काय?"

प्रश्न खरा होता. रात्रभर डोक्यात राहिला. पिंड ठेवतात तो गेलेल्याची भूक भागावी म्हणून. आम्ही भिक्खूंना दान दिलं आणि आईच्या हातून जे कुशल घडलं त्याला तीनदा 'साधु' म्हटलं. दुसऱ्याच्या सत्कर्माने मन आनंदलं, तर तो आनंदही पुण्य आहे. अनुमोदन म्हणतात ते हेच. 'पोचतं' हा शब्द मात्र मला अजून पेलत नाही. तिचे डोळे पोचले, एवढंच मी छातीठोकपणे सांगू शकते.

फुलं विहारामागच्या कडुनिंबाच्या बुंध्याशी टाकली.

माझा फॉर्म परवा भरला. साक्षीदार म्हणून भाच्याने सही केली. पंखा आठवणीने बंद कर, म्हणून त्याला सांगून ठेवलंय.