अहवालातली एक ओळ

पिशवी उघडायच्या आधीच वास आला, म्हणजे नमुना उशिरा पोचला होता. पेक्टोबॅक्टेरियम आणि डिकेया हे जिवाणू बटाटा कुजवतात तेव्हा सुरुवातीला फारसा वास नसतो. घाण सुटते ती मागाहून शिरलेल्या इतर जिवाणूंमुळे. बहुतेक नमुने असेच येतात, दोन-तीन फवारण्या उरकून. बुरशीनाशकानं हा रोग हटत नाही, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं, तरी तो बाटली देतो. याची मला चीड येते.

नमुना पाठवणारे शेतकरी काका मला शेतात घेऊन गेले. ओळीत मधूनमधून खुरटलेली झाडं, पिवळी पानं, वर वळलेल्या कडा, बुंधा शाईसारखा काळा आणि बुळबुळीत. झाड हलक्या हातानं उपटून आलं. दांडा उभा चिरला तर आतला गाभा सडून पोकळी झालेली. एक तुकडा ग्लासभर स्वच्छ पाण्यात लटकवून ठेवला. दुधासारखे धागे खाली उतरले असते तर राल्स्टोनिया या दुसऱ्या जिवाणूचा मर रोग असावा असं धरलं असतं. उतरले नाहीत.

मग माती उकरून लावलेलं बेणं शोधलं. मी सगळ्यात जास्त भरवसा त्यावर ठेवते. सालीची पिशवी तेवढी उरली होती, आत लगदा. कूज बेण्यातून दांड्यात चढली होती. नव्यानं लागलेल्या बटाट्यांवर मोहरीएवढे पांढरे फुगीर ठिपके होते. ही सालीवरची श्वसनरंध्रं. पाणी तुंबलं की ती अशी उघडी पडतात.

"बेणं कापलं कधी?"

"सकाळी कापलं, दुपारी लावलं."

"सुरी?"

"एकच, दिवसभर. आणि लावल्या लावल्या पाणी दिलं, भरपूर."

काही लपवलं नाही त्यांनी. कापलेली जागा हवेशीर ठिकाणी काही दिवस ठेवली तर तिच्यावर बुचासारखा थर धरतो. तो धरण्याआधी फोडीभोवती पाणी साचलं की काही तासांत तिला प्राणवायू मिळेनासा होतो आणि तिचा प्रतिकार संपतो. या जिवाणूंना मात्र प्राणवायूवाचून जगता येतं. त्यांची विकरं पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन विरघळवतात, म्हणून बटाट्याचा लगदा होतो.

लागवडीतून उरलेलं बेणंही मी आणलं. दिसायला अगदी सुरेख. ओल्या कागदात आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून उबेत ठेवलं, तर चौथ्या दिवशी तीसपैकी अकरा बटाटे बोटानं दबले. पण एवढा पुरावा पुरत नाही. मऊ कुजीचे जिवाणू चांगल्या बटाट्यावरही थोडेफार असतात. पीसीआर, म्हणजे जिवाणूच्या डीएनएवरून ओळख पटवणारी चाचणी केली. दांड्यात आणि उरलेल्या बेण्यात, दोन्हीकडे डिकेयाच. डोळ्यांनी केलेल्या तपासणीत हा सुप्त संसर्ग दिसत नाही, आणि तरी बेण्याची पारख अजून बरीचशी डोळ्यांवर चालते.

अहवालात 'रोगाचे कारण' यासाठी एकच ओळ असते. मी लिहिलं: 'बेण्यातील सुप्त जिवाणू संसर्ग, ताजे कापलेले बेणे व साचलेले पाणी यामुळे वाढ.' बेणं पुरवणाऱ्यानं स्वल्पविरामानंतरचं तेवढं वाचलं आणि भरपाई नाकारली.

काकांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "मॅडम, पाण्याचं मी तुम्हाला आपण होऊन सांगितलं होतं."

ते वाक्य गाळलं असतं तर अहवाल अपुरा राहिला असता. त्याच सुरीनं कापलेलं निरोगी बेणं त्याच पाण्यात तगलं असतं का, हे मला सांगता येत नाही. पण दोन्ही गोष्टी एका ओळीत कोंबल्या आणि त्यांचं वजन सारखं दिसू दिलं, ते मीच.

उरलेल्या बेण्यातले सहा बटाटे न कापता, निचऱ्याच्या मातीत, बेतानं पाणी देत कुंड्यांमध्ये लावलेत. काल त्यातल्या दोन झाडांचा बुंधा काळा पडलेला दिसला. नमुना तपासायला घेतला आहे. काकांना अजून फोन केलेला नाही.