पोट घट्ट झालं म्हणून तोल सुधारत नाही

माझ्या व्यायामवर्गात तिशीतले नोकरदार आणि सत्तरी ओलांडलेले काका-काकू शेजारीशेजारी सतरंजी टाकतात. त्यांच्याकडून व्यायाम करून घेताना एक गोष्ट मला पक्की कळली आहे. कोअरचे, म्हणजे पोट, पाठ आणि कंबरेभोवतीचे स्नायू आणि तोल यांचा सराव वेगवेगळा घ्यावा लागतो, आणि वयाप्रमाणे त्यांचं प्रमाण बदलावं लागतं.

पहिला धडा सगळ्यांना सारखाच. पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवायचे आणि खोकताना पोट आवळतं तसं, पण अगदी हलकं आवळायचं. पुष्कळ जण पोट आत ओढतात आणि श्वास कोंडतात. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो, म्हणून सेकंद मोठ्याने मोजायला लावते. बोलता येत असेल तर श्वास चालू आहे.

मग बर्ड-डॉग. हात आणि गुडघे टेकून उजवा हात पुढे, डावा पाय मागे, 8 ते 10 सेकंद. प्रत्येक बाजूला आधी 6 वेळा, थोडं थांबून 4, मग 2. चूक बहुतेक वेळा पायाची असते: पाय फार वर जातो आणि कंबर खाली झोल खाते. मी पाठीवर लांब काठी ठेवते. ती डोक्याला, दोन खांद्यांच्या मधे आणि माकडहाडाला टेकली पाहिजे. पाय उचलल्यावर काठी आणि कंबर यांमधली फट वाढली, तर टाच वर नाही, मागच्या भिंतीकडे ढकलायची.

तिशीतल्यांना प्लँक, म्हणजे पालथं होऊन कोपरं आणि पायाची बोटं टेकून शरीर सरळ उचलून ठेवणं, दोन-दोन मिनिटं धरायचा सोस असतो. कंबर झुकल्यावर पुढचा भार मणक्यांवर जातो, पोटावर नाही. त्यापेक्षा 10 सेकंदांचे पाच-सहा नेटके प्लँक घ्यावेत. पन्नाशीच्या आसपास काही बायकांना प्लँकमध्ये थेंब-थेंब लघवी होते. तसं झालं तर लाजून ओढत राहू नये, झोपून करायच्या सोप्या प्रकारावर परत यावं आणि फिजिओथेरपिस्टला दाखवावं. हाडं ठिसूळ झालेल्यांना मी उठाबशा, म्हणजे झोपून उठण्याचे सिट-अप्स, अजिबात देत नाही. पाठ वाकवून जोर लावला की मणका चेपायची भीती असते.

तोल डोळे, आतला कान आणि तळपायाची जाणीव या तिघांवर चालतो. म्हणून सराव अनवाणी, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी. पावलं जुळवून, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग टाचेला पंजा लावून, शेवटी एका पायावर. प्रत्येक स्थिती 10 सेकंद जमली तरच पुढची. ओट्याचा आधारही पायरीपायरीने सोडायचा: पूर्ण तळवा, दोन बोटं, एक बोट, मग हात ओट्याच्या नुसता वर. नजर जमिनीवर नको, समोर. एका पायावर उभं राहिल्यावर उचललेल्या पायाकडचं कंबरेचं हाड खाली घसरत असेल, तर उभ्या पायाच्या नितंबाची बाजू कच्ची आहे. तिथे पोटाचे व्यायाम वाढवून भागत नाही. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायला लावते.

स्थिर उभं राहणं जमलं तरी काम अर्धंच, कारण माणसं पडतात ती वळताना, अडखळताना. वय वाढलं की झटकन आकसणारे स्नायूतंतू कमी होतात आणि सावरायला उशीर होतो. म्हणून साठीनंतर झटपट पावलांचा सराव मी आवर्जून घेते: मी "डावीकडे", "मागे" म्हटलं की लगेच पाऊल टाकायचं. जोडीला हात छातीशी बांधून खुर्चीतून उठ-बस. जागतिक आरोग्य संघटना 65 वर्षांपुढच्यांना असा तोलाचा आणि ताकदीचा मिश्र व्यायाम आठवड्यातून किमान 3 दिवस सांगते.

डोळे मिटून उभं राहणं सगळ्यात शेवटी, तेही कोपऱ्यात, समोर खुर्ची ठेवून. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्यांना ते मी देत नाही. पायाची जाणीव गेल्यावर त्यांची भिस्त डोळ्यांवरच असते. आणि उठताना चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांकडून औषधं तपासून घ्यावीत, व्यायाम त्यानंतर.