दोरा आणि सोळा तास

मुंबई ते न्यूयॉर्क किती लांब? लेकीने पहिल्यांदा बोलावलं तेव्हा ह्यांनी नातवाचा जुना पृथ्वीगोल काढला, त्यावर शिवणाचा दोरा ताणला. मला वाटलं, दोरा सरळ पश्चिमेला अरबस्तानावरून जाईल. तो गेला वर, थेट आइसलंडजवळून! गोलावर तीच वाट जवळची, सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. सपाट नकाशा आपल्याला फसवतो.

जानेवारीत रात्री दीडला विमान सुटलं. सोळा तास बसून पाय सुजले, डब्यातली थालीपिठं संपली, आणि उतरले तेव्हा तिथे त्याच दिवसाचे सकाळचे सात! घड्याळ साडेदहा तास मागे. (मार्चमध्ये ते लोक घड्याळ पुढे करतात, मग फरक साडेनऊचा. माझे फोन तेव्हापासून चुकायला लागले.)

येताना मात्र चौदा तासांतच मुंबई. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, तो जाताना समोरून अंगावर येतो, येताना पाठीवर.

पुढे खंडाळ्याच्या घाटात कोंडी. पुण्याला घरी पोचायला सहा तास.