मीटरवरचा लाल दिवा आणि घरातले इतर हिशेब

वीज वाचवण्याचा आमच्या घरात बरीच वर्षे एकच उपाय चालत असे, तो म्हणजे दिवा चालू ठेवून खोलीबाहेर पडणाऱ्यावर ओरडणे. हे काम मी मोठ्या निष्ठेने करत होते. मुलगी सातवीत असताना वर्गात विजेचा धडा झाला आणि त्याच आठवड्यात तिने मला विचारले, "आई, पण हा दिवा आहे किती वॅटचा?" दिवा ९ वॅटचा एलईडी होता. वॅटला तासांनी गुणायचे आणि हजाराने भागायचे, म्हणजे युनिट मिळतात, एवढे सोपे गणित तिने वहीच्या मागच्या पानावर मांडले. तो दिवा सलग १११ तास जळत राहिला, तर कुठे १ युनिट वीज खर्च होणार होती. तेवढीच वीज आमचा २००० वॅटचा गिझर अर्ध्या तासात खात होता आणि त्याच्याबद्दल आजवर कोणी चकार शब्द काढलेला नव्हता. ओरडण्याची माझी जागा अगदीच चुकली होती.

तेव्हापासून घरखर्चाच्या बाबतीत मी एक पथ्य पाळते. आधी मोजायचे आणि मगच वाचवायचे. काटकसरीचे बहुतेक सल्ले डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींबद्दल असतात आणि पैसा मात्र न दिसणाऱ्या गोष्टींमधून गळत असतो, असा माझा अनुभव आहे.

विजेपुरते बोलायचे, तर मोजण्याचे साधन घरात आधीपासूनच असते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ एक आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर तो ३२०० आहे, काही मीटरवर १६०० किंवा १००० असतो. याचा अर्थ एवढाच की तो दिवा तितक्या वेळा लुकलुकला की १ युनिट पुरे होते. एका रात्री आम्ही दिवे, पंखे बंद केले, टीव्ही नेहमीप्रमाणे रिमोटने बंद केला, फ्रीजचाही खटका पाच मिनिटांसाठी खाली केला आणि मायलेकी मोबाइलवरचे घड्याळ घेऊन मीटरसमोर उभ्या राहिलो. दिवा लुकलुकणे थांबेल अशी माझी खात्री होती. तो थांबला नाही. दर ४५ सेकंदांनी तो डोळा मिचकावत होता. ३६ लाखांना मीटरवरच्या आकड्याने आणि दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागले की वॅट मिळतात. उत्तर आले २५ वॅट. वर्षभर, रात्रंदिवस, काहीही उपयोग नसताना जाणारे हे २५ वॅट म्हणजे २१९ युनिट होत होते.

मग एकेक प्लग उपसून पाहिला. माझा संशय मोबाइलच्या चार्जरवर होता, पण फोन न जोडता भिंतीला लटकणारा नव्या धाटणीचा चार्जर अर्धा वॅटसुद्धा ओढत नाही. मोठा वाटा निघाला सेट-टॉप बॉक्सचा, जो रिमोटने बंद केल्यावर केवळ झोपेचे सोंग घेतो, आणि उरलेला एका जुन्या म्युझिक सिस्टीमचा, जिच्यावर वर्षभरात कोणी गाणे लावलेले नव्हते. दोन्ही वस्तू आता एकाच खटक्याच्या पट्टीवर आहेत आणि रात्री तो खटका बंद होतो. ही तपासणी करताना फ्रीज पुन्हा चालू करायला विसरू नये, हे आवर्जून सांगते. आम्ही विसरलो होतो आणि ते सकाळी लक्षात आले, त्यामुळे त्या दिवसापुरती काटकसर आमच्या चांगलीच अंगाशी आली.

पंख्यांचेही असेच आहे. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो, तर कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज १२ तास फिरणाऱ्या पंख्यावर हा फरक वर्षाला जवळजवळ २०० युनिटांचा होतो, पण पाहुण्यांच्या खोलीतला पंखा बदलून काहीच पदरात पडत नाही. म्हणून सगळे पंखे एकदम बदलण्याच्या फंदात न पडता जो सर्वांत जास्त फिरतो तोच आधी बदलावा.

सगळ्यांत जास्त वीज जाते ती मात्र पाणी तापवण्यात. १५ लिटरची बादली २५ अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवायला सुमारे पाव युनिट पुरते. शॉवरमधून मिनिटाला १० लिटर पाणी येत असेल, तर दहा मिनिटांच्या स्नानाला १०० लिटर पाणी आणि पावणेदोन युनिट वीज लागते. आमच्या शॉवरखाली बादली धरून मी हे प्रत्यक्ष मोजले आणि त्यानंतर घरात शॉवरला बंदी घातली नाही, फक्त आकडे स्नानगृहाच्या दारावर चिकटवले. दहा मिनिटांची पाच मिनिटे आपोआप झाली. गिझरचे तापमान अगदी खाली आणून बचत करावी, असे अनेकजण सुचवतात, पण साठवणीच्या गिझरमध्ये कोमट पाणी दिवसेंदिवस राहिले तर त्यात जीवाणू वाढू शकतात. त्यामुळे तापमान ६० अंशांच्या आसपासच असू द्यावे आणि बचत करायची ती गिझर चालू राहण्याच्या वेळात करावी.

स्वयंपाकघरातही शास्त्र तेच. पाणी एकदा खळखळून उकळू लागले की त्याचे तापमान साधारण १०० अंशांवर अडकते. आच कितीही मोठी ठेवली तरी पदार्थ लवकर शिजत नाही, नुसती वाफ जास्त होते. उकळी आली की आच बारीक करून झाकण ठेवणे एवढेच करायचे असते. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांपर्यंत जाते, म्हणून तो वेळ आणि इंधन दोन्ही वाचवतो, पण दाब धरल्यावर तिथेही आच कमी करायलाच हवी. गॅसची ज्योत निळी असावी. ती पिवळी होऊन भांड्यांची बुडे काळी पडू लागली, तर बर्नरची भोके कोंदली आहेत असे समजून ती साफ करावीत.

पाण्याच्या गळतीबद्दल थोडक्यात सांगते. ठिबकणाऱ्या नळाखाली रात्री भांडे ठेवावे आणि सकाळी मापून पाहावे. सेकंदाला एक थेंब म्हटले तरी दिवसाचे ८६,४०० थेंब होतात आणि भांड्यातले पाणी पाहिले की प्लंबरला फोन करण्याचा आळस पळून जातो. याहून लबाड गळती कमोडच्या फ्लशच्या टाकीची असते, कारण तिचा आवाजही येत नाही. टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकून वीस मिनिटे फ्लश करायचे नाही. तेवढ्यात रंग खाली भांड्यात उतरला, तर टाकीच्या तळाचे रबर गेले आहे असे समजावे. ते बदलण्याचा खर्च किरकोळ असतो.

आता अन्नाकडे येते. माझ्या मते घरखर्चातले सर्वांत मोठे भोक हेच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले ६० टक्के घराघरांतून गेले. हे वाचून मला वाटले की ही इतरांच्या घरची गोष्ट असणार. खात्री करण्यासाठी मी फ्रीजच्या दारावर एक कागद लावला आणि पंधरा दिवस जे जे टाकले जाईल ते प्रत्येकाने त्यावर लिहायचे, असा नियम केला. कागद भरला. ताटातले उरलेले त्यात फारसे नव्हते. जास्त होते ते "स्वस्त मिळाले म्हणून" आणलेले आणि डब्यांच्या मागे सारलेले. म्हणजे वाया जाण्याची सुरुवात खरेदीच्या पिशवीतच झालेली होती.

यावर उपाय साधे निघाले. नवीन आणलेली वस्तू मागे आणि जुनी पुढे, ही रचना दुकानदार पाळतात ती घरातही पाळावी. फ्रीजचा डोळ्यांसमोर येणारा कप्पा उरलेल्या पदार्थांसाठी राखून ठेवावा आणि डबे शक्यतो आतले दिसतील असे वापरावेत, कारण स्टीलच्या डब्यात काय आहे ते उघडेपर्यंत कळत नाही आणि उघडण्याचा कंटाळा हेच अन्न खराब होण्याचे मुख्य कारण असते. पालेभाज्या न धुता, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. पाकिटावरच्या तारखाही नीट वाचाव्यात. अमुक तारखेपूर्वी उत्तम, असे लिहिलेले असते तेव्हा ती चवीची आणि दर्जाची खूण असते, त्यामुळे कोरडा, नीट ठेवलेला पदार्थ दुसऱ्याच दिवशी फेकण्याचे कारण नाही. अमुक तारखेपर्यंतच वापरावे, असे लिहिलेले असेल तर मात्र तो सुरक्षिततेचा प्रश्न असतो आणि तिथे घासाघीस करू नये. शिजवलेल्या अन्नाचेही तसेच आहे. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जीवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून उरलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावे आणि परत गरम करताना नुसते कोमट न करता चांगले वाफाळेपर्यंत करावे. वास तर ठीक येतोय, असे म्हणून जोखीम घेण्यात शहाणपण नाही, कारण आजार आणणाऱ्या जीवाणूंचा वास येतोच असे नाही.

फ्रीज ४ अंशांवर आणि फ्रीझर उणे १८ अंशांवर पुरेसा थंड असतो, त्याहून खाली नेणे म्हणजे वीज वाया घालवणे होय. दाराचे रबर सैल झाले आहे का, ते पाहायला कागदाचा एक कपटा दारात अडकवून ओढावा. तो सहज सुटून आला, तर गारवाही तितक्याच सहज बाहेर पडत असतो.

मोठे पाकीट स्वस्त पडते, या समजुतीने मला एकदा चांगलेच फसवले. प्रत्येक पाकिटाचा किलोचा किंवा लिटरचा भाव काढून तुलना करावी, हे मला ठाऊक होते, तशी तुलना करूनच मी कपड्यांच्या लिक्विड साबणाचा ५ लिटरचा कॅन आणला होता आणि भाव खरोखरच कमी होता. परंतु भरलेला कॅन समोर असला की हात सैल सुटतो, हे गणितात धरलेले नव्हते. एरवी झाकणाने मोजून घेणारी मंडळी थेट कॅनमधून ओतू लागली. कॅन अपेक्षेच्या निम्म्या दिवसांत संपला आणि टॉवेल कडक होऊ लागले, कारण जास्तीचा साबण कपड्यातच अडकून राहतो आणि खळबळायला पाणीही जास्त लागते. आताही मोठाच कॅन आणते, पण तो कपाटात राहतो आणि लहान बाटली भरून बाहेर ठेवली जाते.

अंगाच्या साबणाबद्दल एकच सांगायचे. त्याची साबणदाणी तळाला भोके असलेली असावी, कारण पाण्यात बसलेला साबण निम्मा वापरण्याआधीच विरघळून जातो.

काही प्रसिद्ध नुस्खे मात्र मी सोडून दिले आहेत. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून नळ, मोरी, फरशी सगळे चकचकीत करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. फेस भरपूर येतो, पाहायला मजा येते, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात आणि मागे उरते ते जवळपास साधे खारट पाणी. नळावरचे क्षारांचे पांढरे थर काढायला नुसते व्हिनेगर आणि चिकट डाग घासायला नुसता सोडा, असे वेगवेगळे वापरले तर दोन्ही उत्तम काम करतात. ब्लीचमध्ये मात्र व्हिनेगर, ॲसिड किंवा अमोनिया असलेले काहीही कधीच मिसळू नये. त्यातून विषारी वायू सुटतात.

खरेदीच्या मोहावर मी केलेला उपाय म्हणजे एक वही. घ्यावीशी वाटलेली वस्तू तारखेसह तिच्यात लिहायची आणि ३० दिवसांनी पुन्हा वाचायची. बऱ्याच नोंदींपुढे महिन्याभराने मलाच प्रश्नचिन्ह काढावेसे वाटते. ज्या वस्तू टिकून राहतात, त्या घेताना मी मुळीच हात आखडता घेत नाही.

सगळ्यांत जुनी आणि मला सर्वांत आवडती युक्ती सासूबाईंकडून आलेली आहे. चादर नेहमी मधोमध विरते आणि कडा मात्र नव्यासारख्या राहतात. सासूबाई दर काही महिन्यांनी धुतलेली चादर खिडकीसमोर धरतात आणि पलीकडचा हात स्पष्ट दिसू लागला की म्हणतात, "हिची वेळ आली." फाटेपर्यंत थांबले तर उशीर झालेला असतो. मग ती चादर लांबीच्या दिशेने मधून उभी कापायची, बाहेरच्या दोन किनारी एकमेकींना जोडून मध्यभागी घ्यायच्या आणि कापलेल्या बाजू दुमडून कडेला शिलाई मारायची. घट्ट कापड पाठीखाली येते आणि विरलेले गादीखाली खोचले जाते. मी पहिल्यांदा शिवली तेव्हा नेहमीसारखी आत दुमडून टीप मारली आणि मधोमध जाडसर उंचवटा झाला, जो मुलीला रात्रभर टोचला. सासूबाईंनी काही न बोलता ती शिवण उसवली, दोन्ही किनारी बोटभर एकावर एक ठेवल्या आणि सपाट टीप घातली, कारण विणलेल्या किनारीचे दोरे सुटत नाहीत आणि त्यांना दुमडायची गरजच नसते. त्याला चार वर्षे झाली. परवा मी ती चादर खिडकीसमोर धरली, तर हात पुन्हा दिसू लागला होता. आता तिची ओटा पुसायची फडकी होतील. आठ निघतील, असा सासूबाईंचा अंदाज आहे आणि माझ्या मते सहाच.