'होता'चे 'होतं' का झाले?

बरीच वर्षे प्राथमिक वर्गांना शिकवल्यानंतर मी शालेय वाचनतज्ज्ञांसाठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, तेव्हा मुलांना वाचायला शिकवणे आपल्याला जमते अशी माझी प्रामाणिक समजूत होती. वाचनातील अडचणींच्या निदानाच्या पहिल्याच तासाला ती डळमळली. प्राध्यापिकांनी एका मुलाच्या वाचनाचे ध्वनिमुद्रण ऐकवले. छापील वाक्य होते, 'रात्रभर पाऊस पडत होता'. मुलाने वाचले, 'रात्रभर पाणी पडत होतं'. आम्ही सर्वांनी 'दोन शब्द चुकले' अशी नोंद केली. त्यावर त्यांनी एवढेच विचारले, "पण 'होता'चे 'होतं' का झाले?"

उत्तर सापडायला वेळ लागला. मुलाने 'पा' हे पहिले अक्षर पाहिले, चित्रावर नजर टाकली, अर्थाला जुळणारा शब्द बसवला आणि मग त्या शब्दाच्या लिंगाप्रमाणे क्रियापदही बदलून घेतले. त्याची भाषा पक्की होती. नजर मात्र शब्दाच्या शेवटापर्यंत गेलीच नव्हती. त्यानंतर ऐकवलेल्या मुलीने तेच वाक्य अक्षर अक्षर जोडत अचूक वाचले, पण रात्री काय झाले हे तिला सांगता आले नाही. गुणपत्रिकेवर ही दोन्ही मुले 'वाचनात कच्ची' याच एका शेऱ्याखाली येतात आणि दोघांनाही 'घरी रोज एक पान वाच' हाच सल्ला मिळतो. मीही तो कितीतरी वेळा दिलेला आहे.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेले सूत्र याच ठिकाणी उपयोगी पडते. लिपी उलगडण्याची क्षमता आणि ऐकलेली भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार म्हणजे वाचनाचे आकलन, असे ते सूत्र आहे. बेरीज नव्हे, गुणाकार. म्हणजे एक बाजू शून्य असेल, तर दुसरी कितीही भक्कम असली तरी हाती काहीच लागत नाही. सूत्र सोपे आहे, परंतु समोरच्या मुलाची कोणती बाजू किती दुबळी आहे हे शोधणे सोपे नाही, आणि माझ्या मते या प्रशिक्षणाचा निम्मा वेळ त्या शोधातच जातो आणि तो तसाच जायला हवा.

या शोधाचे मुख्य साधन म्हणजे वाचनाची चालती नोंद. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी रूढ केलेल्या या पद्धतीत मूल वाचत असताना शिक्षक प्रत्येक बरोबर शब्दाला खूण करतो आणि चुकलेला शब्द मुलाने उच्चारला तसा लिहून ठेवतो. नोंदीबद्दल कोणाचे दुमत नाही. वाद आहे तो तिच्यावरून काढायच्या निष्कर्षांचा. मुलाचा अंदाज अर्थाला धरून असेल तर ते चांगल्या वाचनाचे लक्षण, असे अनेक वर्षे मानले गेले. कीथ स्टॅनोविच यांच्या संशोधनाने मात्र दाखवले, की शब्द ओळखण्यासाठी संदर्भाच्या कुबड्या अधिक लागतात त्या कच्च्या वाचकालाच. सराईत वाचक शब्द पाहताक्षणी ओळखतो. 'पाणी पडत होतं' वाचणाऱ्या मुलाच्या हुशारीचे कौतुक जरूर करावे, पण त्याला पुन्हा 'पाऊस' या शब्दावर आणून तीनही अक्षरे पाहायला लावावीत.

अभ्यासक्रमाविषयी माझी एक तक्रार आहे. त्यातील बहुतेक संशोधन इंग्रजीवर उभे आहे आणि इंग्रजीचे लेखन हे वाचनशास्त्रातील मोठे त्रांगडे आहे. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ बराच सरळ असतो, पण चिन्हे पुष्कळ असतात. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चारात नंतर. 'र' तर 'सूर्य', 'चक्र', 'राष्ट्र' आणि 'तऱ्हा' यांत चार वेगळी रूपे घेतो. सोनाली नाग यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कन्नड वाचनाच्या अभ्यासातही अक्षरज्ञान पुरे व्हायला प्राथमिक शाळेची कित्येक वर्षे लागतात असे दिसले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हाइन्झ विमर यांनी १९९३ मध्ये जर्मन वाचणाऱ्या मुलांबद्दल नोंदवले, की लेखन नियमित असेल तेथे वाचन-अक्षमता (डिस्लेक्सिया) चुकांपेक्षा संथपणातून अधिक प्रकट होते. म्हणजे अचूक पण रखडत वाचणारे मूल केवळ चुका मोजणाऱ्या चाचणीतून सहज निसटते. म्हणूनच नोंदीच्या कागदावर मी आता वेळही लिहिते.

प्रात्यक्षिकात आमचे तास चित्रित होत असत आणि ते नंतर सर्वांसमोर पाहावे लागत. मूल अडखळले रे अडखळले, की मी शब्द सांगून मोकळी होत होते, हे मला तेथेच कळले. गप्प बसण्याचा सराव हा माझ्यासाठी त्या सत्राचा सर्वांत कठीण भाग ठरला.

मात्र त्याहून कठीण कामाला अभ्यासक्रमात एकच विषय होता. वाचनतज्ज्ञाने मुलांबरोबरच सहकारी शिक्षकांसोबतही काम करावे, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात वर्षाचा मोठा भाग त्यातच जातो. वयाने मोठ्या असलेल्या एका बाईंच्या वर्गात मी प्रथम वही-पेन घेऊन मागे बसले, तेव्हा त्यांचा आवाजच बदलला. पुढच्या वेळी मी शिकवले आणि वही त्यांच्या हाती दिली. तास संपल्यावर त्यांनी एकच ओळ वाचून दाखवली, "तिसऱ्या बाकावरच्या मुलीकडे तुम्ही एकदाही वळला नाहीत." ते खरेच होते. मधल्या सुट्टीत आम्ही त्या मुलीला बोलावले, आणि तिने वाचलेले पान दोघींनी आपापल्या कागदावर टिपून घेतले. आमच्या खुणा चार ठिकाणी जुळल्या नाहीत; सुट्टी संपेपर्यंत आम्ही त्या चार शब्दांवरच बोलत होतो.